खंदकातली माती

कुठेही खड्डा दिसला की ते आधी ढीग शोधत. रस्त्याकडेला तार पुरण्यासाठी चर खणला असेल तर बाकीचे लोक चरात डोकावत; हे पाठ फिरवून काढलेली माती कुठे टाकली ते पाहत. एका लग्नात स्वयंपाकासाठी लांब चर खणून त्यावर पातेली चढवली होती. नवरदेव मांडवाच्या दाराशी आला तेव्हा हे मागच्या अंगणात आचाऱ्याला विचारत होते, "माती कुठं गेली?"

"कोनती माती?"

"ह्या चरातली."

आचाऱ्याने झारा उंचावून दाखवले. नवरानवरीच्या खुर्च्या ज्या ओट्यावर मांडल्या होत्या तो ओटा त्याच मातीचा होता. त्यांचे समाधान झाले. अक्षता टाकून, जेवून ते घरी गेले.

गाव त्यांना गिरदावरसाहेब म्हणे. गावोगाव फिरून जमिनींची आणि पिकांची पाहणी करणाऱ्या महसूल अधिकाऱ्याचे हे निजामाच्या काळातले नाव. सरकारने ते केव्हाच बदलले आणि हेही निवृत्त झाले, पण गावाने दोन्ही गोष्टींची दखल घेतली नाही. पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेने, काळे नोंदीसाठी आणि लाल दुरुस्तीसाठी. खांद्यावरच्या कापडी पिशवीत तीस मीटरची टेप, ओळंबा आणि जेवणाचा डबा. 'अंदाजे' हा शब्द त्यांना चालत नसे. ज्याला जागेवर जायचा कंटाळा आहे त्याने तो शब्द काढला, असे त्यांचे मत होते. वय विचारले तर ते वर्षे आणि महिने सांगत. त्यांच्या पत्नी नांदेडकडच्या. त्या म्हणायच्या, "यांच्या पानात भात वाढला तरी पातेल्यात किती उरला ते विचारतात."

मी तेव्हा आदिलाबादला एका मराठी दैनिकाचे जिल्ह्याचे पान पाहत होतो. त्यांची ओळख एका चुकीतून झाली. जैनथ मंडळात, म्हणजे तेलंगणातल्या तालुक्यात, पैनगंगेच्या बाजूला असलेल्या त्यांच्या गावाविषयी मी चार ओळींची बातमी दिली होती: किल्ल्याभोवतीचा नाला बुजवून पंचायत तिथे दुकाने बांधणार. दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रण घेऊन ते कार्यालयात हजर झाले. कात्रणावर लाल पेनाने दोन शब्दांना गोल केले होते.

"एका ओळीत दोन चुका," ते म्हणाले. "किल्ला नाई, गढी. नाला नाई, खंदक."

"साहेब, पावसाळ्यात पाणी वाहतं तिथून."

"तुमच्या छपरावरूनबी वाह्यते. त्याले नाला म्हनता का?" ते न सांगता बसले. "पानी आपलं आपन करते तो नाला. मानूस खनते तो खंदक. नावातच हाय."

चहा येईपर्यंत त्यांनी नावाचा पत्ता दिला. फारसीत 'कंदन' म्हणजे खणणे. त्यावरून 'कंदक', म्हणजे खणलेले. अरबांनी तो शब्द उचलला आणि आपल्या उच्चाराप्रमाणे 'खंदक' केला. पुढे तो नव्या रूपात फारसीत परत आला, आणि फारसी बोलणाऱ्या फौजांबरोबर दख्खनमध्ये उतरला. मराठीने तो जसाच्या तसा ठेवला. तेलुगूत त्याला 'कंदकम्' म्हणतात. ज्या गावात एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू बोलतात तिथे हा शब्द आपल्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही उच्चारांनी राहतो, याचा त्यांना घरच्या माणसाचा असावा तसा अभिमान होता. मराठीतले 'खणणे' आणि फारसीतले 'कंदन' हे लांबचे भाऊबंद आहेत का, असे मी विचारले.

"म्हनतात तसं," ते म्हणाले. "मी वारसाहक्काचे कागद पाह्यले नाई."

मग ते मुद्द्यावर आले. खंदक खणायचा तो नुसता अडथळा म्हणून नव्हे. त्यातून निघालेली माती आतल्या बाजूला रचायची, चोपायची; तोच तट. खंदक जेवढा खोल तेवढा तट उंच. "एकाच मातीनं शत्रूले दोनदा दमवाचं," ते म्हणाले. "एकदा ती तिथं नाई म्हनून, एकदा ती इथं हाय म्हनून."

ही गढी त्या गावातली सर्वांत उंच आणि सर्वांत निरुपयोगी वस्तू होती. पांढऱ्या मातीचे तट माणसाच्या उंचीवर आलेले, तीन कोपऱ्यांना तीन बुरूज, आत बाभळी. भोवतीचा खंदक गुडघाभर खोलगट पट्टा होऊन राहिला होता. त्यात कपाशीच्या पऱ्हाट्या, राख आणि प्लास्टिक टाकले जाई. तरी वरच्या शेतांतून येणारे पाणी तो अंगावर घेई आणि गढीला वळसा घालून नाल्यात सोडून देई. खंदकाच्या पलीकडे उतारावर अकरा घरांची खालची आळी होती. खंदक बुजला तर ते पाणी सरळ या अकरा घरांत शिरणार, हे समजायला टेपची गरज नव्हती.

सरपंच वाईट माणूस नव्हता. त्याला गावात दुकाने हवी होती, आणि गढीभोवतीची जागा महसुली कागदात फक्त 'पडीक' अशी होती. गिरदावरसाहेबांनी हरकत घेतली, की ही पडीक जागा नव्हे, हा गढीचाच भाग आहे. गढी पाडता येत नाही तसा खंदकही बुजवता येत नाही. हरकत तहसीलदारांकडे गेली. तहसीलदार बाई तेलुगू बोलणाऱ्या, नव्यानेच आलेल्या. त्यांनी हिंदीत एकच प्रश्न केला: तिथे कधी खंदक होता याचा पुरावा काय?

कागद नव्हता. तेव्हा गिरदावरसाहेबांनी पुरावा म्हणून माती द्यायचे ठरवले.

हिशोब साधा होता. खंदकातून निघालेली माती गढीच्या तटात गेली. तटाची माती पिढ्यान्‌पिढ्या गावाने नेली: भिंती उभारायला, घरांच्या सपाट धाब्यांवर पसरायला, दसऱ्याआधी सारवायला. आज उभा असलेला तट मोजायचा, त्यात गावाच्या घरांतली गढीची माती मिळवायची, चोपलेल्या मातीसाठी दुरुस्ती करायची, आणि खंदकाच्या लांबीरुंदीने भागायचे. खोली हातात येते. मग एका जागी आडवा चर खणून पाहायचे. तेवढ्याच खोलीवर जुना तळ लागला तर खंदक सिद्ध झाला.

दुसऱ्या दिवसापासून ते पिशवी घेऊन घरोघर फिरू लागले. प्रत्येक दारात एकच प्रश्न: "गढीची माती नेली का कधी?"

एखादा कीर्तनकार किंवा मास्तर असता तर लोकांनी उत्तर दिले असते. पण दारात गिरदावर उभा होता, हातात कागद होता आणि तो सरकारी जागेतल्या मातीविषयी विचारत होता. निवृत्त असला म्हणून काय झाले? संपूर्ण गावाने एकमुखाने नाही म्हटले. एक म्हातारा पांढऱ्या भिंतीला टेकून, सदऱ्याला पांढरा लागलेला असताना म्हणाला, "आमी त्या गढीकडं पाहतबी नाई बाप्पा." एकाने आपल्या घराची माती नदीपलीकडून, यवतमाळ जिल्ह्यातून आणल्याचे सांगितले. एकाच्या मते त्याचे घर पहिल्यापासूनच होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सगळी घरं झाली," ते म्हणाले. "बेरीज शून्य. माझ्या हिशोबानं ह्या गावात घरंच नाईत."

कोंडी फोडली ती खालच्या आळीतल्या कौसल्याबाईंनी. त्या वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवत आणि जैनथच्या बाजारात विकत. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या घरात घोटाभर पाणी आले होते. चौथ्या दिवशी त्यांनीच गिरदावरसाहेबांना रस्त्यात अडवले. मी सोबत होतो.

"लिहा," त्या म्हणाल्या. "दर साली दसऱ्याच्या आंदी चार टोपले. लगन होऊन आली तवापासून. अन् सासऱ्यानं भिती घातल्या त्या सगळ्या गढीच्याच. आता काय करता, दंड करता?"

"दंड कायचा?"

"नाई ना दंड?"

"नाई."

"मंग चार दिवस असं तोंड करून काऊन फिरून राह्यले होते? आंदी सांगाचं ना!"

"कोनी विचारलं नाई."

दुपारपर्यंत बातमी पसरली आणि गावाला कंठ फुटला. दंड नाही, उलट ज्याची माती जास्त त्याचे घर जुने, असा अर्थ लोकांनी लावला. आता चढाओढ लागली. शेजाऱ्याने दहा गाड्या सांगितल्या की हा पंधरा सांगे. एकाच्या आजोबांनी साठ गाड्या नेल्या होत्या. त्याचे घर दोन खणांचे होते. नदीपलीकडून माती आणणाऱ्यानेही आपला जबाब बदलून घेतला. मी सहज ती बेरीज करून पाहिली. खंदक छत्तीस फूट खोल येत होता.

"लिहून द्या हीच," कौसल्याबाई म्हणाल्या. "तहसीलदारबाई घाबरून जाईन."

गिरदावरसाहेबांनी लाल पेन काढले आणि सगळ्या यादीवर आडवी रेघ मारली. "मले तोंडातली माती नको, भितीतली पाह्यजे." मग त्यांनी प्रत्येक भिंत स्वतः मोजली. मी टेपचे दुसरे टोक धरत असे. नऊ दिवस लागले. उत्तर आले: खंदक काठापासून साडेसहा फूट खोल. ते त्यांनी तहसीलदारांना लेखी कळवले. मी बातमी दिली, आणि त्यांच्या सांगण्यावरून एक वाक्य जोडले: उत्तरेला नाला असल्यामुळे या गढीला त्या कोपऱ्यावर चौथ्या बुरुजाची गरज पडली नव्हती.

चर खणायच्या दिवशी गाव लोटले. तहसीलदार बाई छत्री घेऊन आल्या. चार मजुरांनी खणायला सुरुवात केली. वरचे दोन फूट प्लास्टिक आणि राख, मग काळी माती, मग पाण्याने आणलेला बारीक गाळ. साडेसहा फुटांवर सगळे वाकले. गाळच होता. सात फूट. साडेसात. आता मजुरांची फक्त टोपली दिसत होती.

"काका," सरपंच म्हणाला, "पाताळ लागलं तर आवाज द्या."

आठ फूट चार इंचांवर पहार टणकन वाजली. पिवळा मुरूम, आणि त्यावर कुदळीचे जुने घाव. खालच्या आळीने टाळ्या वाजवल्या. खंदक निघाला होता, आणि हिशोबापेक्षा खोल निघाला होता.

तेवढ्यात सरपंचाने हरकत घेतली. काकांचा हिशोब साडेसहाचा. मग हा जुना खंदक कशावरून? कुणी मुरूम काढायला खड्डा केला असेल. फरकाची माती कुठे आहे ते दाखवा. तहसीलदार बाई गिरदावरसाहेबांकडे वळल्या आणि तेलुगूतला आदराचा 'गारू' लावून म्हणाल्या, "गिरदावर गारू, आपका हिसाब और ये गड्ढा मेल नहीं खा रहा."

गिरदावरसाहेबांनी टेप गुंडाळली. "सरपंचाचं बरोबर हाय," ते म्हणाले. "एक फूट दहा इंचाचा जबाब मी द्याले पाह्यजे."

कौसल्याबाईंनी कपाळावर हात मारला. "चोर बी इतक्या लवकर कबूल होत नाई, साहेब!"

तहसीलदारांनी आठ दिवस दिले. जबाब आला नाही तर दुकानांना परवानगी.

ते आठ दिवस मी त्यांना दुसऱ्या कशावर बोलताना ऐकले नाही. एक फूट दहा इंच म्हणजे खंदकाच्या पूर्ण लांबीचा विचार केला तर किती माती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी काढले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उभे असलेले तीन बुरूज पुन्हा मोजले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "हा बुरूजच हाय. एक पुरा बुरूज, चिल्लर सोडून. चौथा." पण चौथा बुरूज नव्हताच, असे ते लहानपणापासून धरून चालले होते. ते पुन्हा घरोघर गेले. उत्तर कोपऱ्यावर काय होतं? लोक वर आभाळाकडे पाहत, चहा विचारत, कपाशीच्या बोंडअळीवर बोलू लागत. कुणी नाही म्हणेना आणि कुणी हो म्हणेना.

सहाव्या दिवशी आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. कौसल्याबाई भाजीची टोपली घेऊन आल्या. टोपली उतरवली, पण वांगी काढली नाहीत.

"साहेब, रागावू नका. बुरूज तुमच्या घरात हाय."

"माझ्या घरात? कुठं?"

"घरात म्हंजे... घरच तो हाय."

गिरदावरसाहेबांचे वडील गावचे पटवारी होते. यांच्या जन्माआधी त्यांनी उत्तरेचा बुरूज उतरवला आणि त्या मातीत हे घर बांधले: जोते, हातभर जाडीच्या भिंती, मागच्या आवाराची भिंत. पुढे याच गिरदावरसाहेबांनी नोकरीत असताना घराला बाहेरून सिमेंट करून घेतले, आणि मातीची मोजणी करताना आपले घर 'पक्के' म्हणून सोडून दिले.

"गावात कोनाकोनाले माहीत हाय?" त्यांनी विचारले.

"कोनाले माहीत नाई ते विचारा."

"मंग कोनी बोललं काऊन नाई?"

"तुमी गिरदावर. तुमच्याच बापाचं नाव तुमच्या कागदावर कोन लिहवन?"

त्यांनी पत्नीकडे पाहिले. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. "मला वाटलं तुम्हाला ठाऊकच असेल," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

त्यांनी वाद घातला नाही. पहार मागवली, बैठकीतले कपाट सरकवले आणि मागच्या भिंतीवरचा वीतभर गिलावा उडवला. आत पांढरी माती होती. तिच्यात लाल खापऱ्यांचे बारीक तुकडे होते, गढीच्या तटात असतात तसेच. त्यांनी बोटाने माती चोळून पाहिली आणि टेपचे टोक माझ्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणी संपली. घर आणि आवार मिळून खंदकाचे अठरा इंच भरले. चार इंच तरीही कमी पडत होते. "ते पावसाले सोडून देऊ," ते म्हणाले. त्यांनी कुणाला काही सोडल्याचे मी हे एकदाच पाहिले.

आठव्या दिवशी ग्रामसभा झाली. तहसीलदार बाई खुर्चीत, गाव सतरंजीवर. गिरदावरसाहेबांनी उभे राहून यादी वाचली. पहिले नाव लाल पेनाने लिहिलेले होते. त्यांनी वडिलांचे पूर्ण नाव, पद आणि मग नोंद वाचली: "उत्तरेचा बुरूज, संपूर्ण. सध्या ताबा मुलाकडे." पुढे, मोजणीच्या वेळी ही नोंद आपल्याकडून राहिली, चूक आपली आहे, असेही वाचले. आवाज नेहमीचाच होता. कागद मात्र दोन्ही हातांनी धरला होता.

पहिला सरपंचच हसला. "काका, आमच्यात सगळ्यात मोठे तुमीच निंगाले!"

"हाव," ते म्हणाले. "लिहून घे."

मग सगळेच हसले. तहसीलदार बाईंना अर्थ समजावून सांगावा लागला, त्यामुळे त्या थोड्या उशिरा हसल्या. मग त्या गिरदावरसाहेबांच्या घरी गेल्या, कपाटामागच्या भोकात बोट घालून पाहिले आणि बैठकीत बसूनच शेरा लिहिला. खंदक गढीचा भाग ठरला. दुकाने बसथांब्याजवळच्या जागेत गेली, आणि तिथे ती बरी चालतात. शेऱ्यात शेवटी एक ओळ होती, तिच्याकडे त्या दिवशी कुणाचे लक्ष गेले नाही: यापुढे गढीच्या कोणत्याही भागातून माती नेण्यास मनाई आहे.

मी चौथ्या बुरुजाबद्दलची चूक पहिल्या संधीला दुरुस्त केली. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याला दोन आठवडे असताना, जपून ठेवलेला तो अंक द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. ते चष्मा लावून दुरुस्तीतल्या चुका शोधत होते, तोच कौसल्याबाई रिकामे टोपले घेऊन अंगणात आल्या. खंदकातला कचरा काढल्यामुळे यंदा त्यांच्या घरात पाणी आले नव्हते. तरीही त्या तणतणत होत्या.

"खंदक वाचला, लय चांगलं झालं. पन माती बंद केली ना तुमी! आता दसऱ्याले भिती कायनं सारवू?"

"मी बंद नाई केली. तहसीलदारानं केली."

"मोजली कोनं?"

ते उठले, कुदळ घेतली आणि मागच्या आवाराच्या भिंतीशी गेले. तिथे कधी सिमेंट झाले नव्हते. त्यांनी वरचा थर पाडला, ढेकळे फोडली आणि चार खेपांना टोपले भरून दिले, काठोकाठ, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. कौसल्याबाईंनी चौथे टोपले डोक्यावर घेतले.

"अन् आळीतल्या बाकीच्या दहा घरांचं?"

"पाठवून दे."

"दर साली?"

त्यांनी भिंतीकडे पाहिले, खिशातले काळे पेन काढले आणि तळहातावर काहीतरी मांडले.

"अकरा घरं, घरामागं चार टोपले," ते म्हणाले. "आवार एकोणीस वर्षं सात महिने पुरते."

"अन् त्याच्या पुढं, साहेब?"

"त्याच्या पुढं घर हाय."